आत्यांनी मिशरी सोडली

डॉक्टर मगदूमांनी आत्यांचं पोट दाबून पाहिलं, त्यांना खोकायला लावलं, आणि मग त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरून खिडकीच्या उजेडात नेलं. बोटाचं टोक काळं होतं. नखाच्या कडेला तर शाई मुरावी तसा काळेपणा मुरला होता.

"मिशरी किती वेळा लावता, मावशी?"

"सकाळी," आत्या म्हणाल्या.

"आणि?"

"दुपारी जेवल्यावर. वाईच."

"आणि?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे पाहत होते.

"येता-जाता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोट सोडलं आणि हात धुतले. मिरजेला शिकून आलेला तरुण माणूस. बोलताना हसायची सवय नव्हती त्यांना.

"बेंबीचा हर्निया आहे. आतडं बाहेर येतं, दाबलं की आत जातं. म्हणजे घाई नाही. ऑपरेशन करून आत जाळी बसवू. पण आज तारीख देत नाही."

"का न्हाई?"

"मिशरी पूर्ण बंद पाहिजे. वजन उतरलं पाहिजे. आणि हा जुना खोकला गेला पाहिजे. तंबाखूनं जखम भरत नाही, आणि टाक्यांवर तुम्ही असं खोकलात तर सगळं पुन्हा फाटेल. दोन महिने पाळा आणि या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मध्येच गाठ दगडासारखी झाली, आत जाईना, उलट्या लागल्या, तर मात्र लगेच आणा. तेव्हा अट नाही. तोवर आहे."

आत्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला. "आन मी सोडली म्हनून खोटं सांगितलं तर?"

"बोट दाखवायचं मला," डॉक्टर म्हणाले.

एसटीत आम्ही दोघी काही बोललो नाही. तसंही आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं काही. उत्तम, त्यांचा मुलगा, माझा नवरा, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तो डेरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा. एका पहाटे पाटाच्या पुलावर टेम्पो उलटला. लोक आले, रडले, गेले. आम्ही दोघी रडलो नाही. धक्का बसलाय, निघेल, असं बायका म्हणाल्या. मी तिसऱ्या दिवशी म्हशींची धार काढली, कारण म्हशीला सुतक कळत नाही. त्यानंतर रोज काढत राहिले. सकाळी शेण, वैरण, धार, पाण्याच्या घागरी, संध्याकाळी परत तेच आणि डेरीला दूध. आत्या बसून होईल ते करायच्या. चूल, भांडी, निवडणं. पोटामुळे त्यांना वजन उचलता यायचं नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, अधूनमधून जयसिंगपूरहून यायचा. ओट्यावर बसून चहा प्यायचा. म्हणायचा, "वैजू, घरी चल. तिशीसुद्धा झाली नाही तुझी."

मी म्हणायचे, "आत्यांना घागर उचलत नाही. म्हशींचं होत नाही. त्यांना टाकून कशी येऊ?"

ते खरंच होतं. तो कप ठेवून जायचा.

ऑपरेशनचं आत्यांनीच काढलं. बारा वर्षं त्या बेंबीवर कापडाची घडी ठेवून वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळत होत्या. उत्तमनं हातापाया पडून सांगितलं होतं, तरी कधी दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. "माझं पोट, माझ्यासंगं जाईल," म्हणायच्या. आणि एका सकाळी चुलीत लाकूड सारता सारता म्हणाल्या, "पोटाचं करून टाकू." मी बरं म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मालन आली. मालन म्हणजे माझी नणंद, शेजारच्याच गावात दिलेली, आईवर जीव असलेली आणि तोंडाची फटकळ.

"पोट कापायला जायाचं आपण, आन अटी त्यो घालनार?" ती म्हणाली. "आये, मिशरी सोडून तुला परसाकडं तरी हुईल का? बाजारपेठेतला म्हातारा डॉक्टर उद्या करतोय. मी इचारून आले."

"त्यो उद्या करंल," आत्या म्हणाल्या. "आन परवा फाटलं तर?"

"परवाचं परवा."

"मला एकदाच करायचंय, मालन. आन पक्कं."

"पर एवढी घाई काय सुटलीया तुला? बारा वर्सं कळ काढलीस न्हवं?"

आत्यांनी कोनाड्यातली मिशरीची डबी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि मालनच्या पिशवीत टाकली. "जाताना पाटात सोड," म्हणाल्या.

मिशरी काय असते ते तिच्यात वाढलेल्यालाच कळतं. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. आमच्या गल्लीत सकाळी सगळ्या बाया ओट्यावर बसून ती दातांवर घासायच्या. तोंडात मिशरी असलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. नवरा नाही, सासू नाही, पोरंही नाहीत. "मिशरी लावतीय" म्हटलं की तेवढा वेळ तिचा. आत्यांना ती नव्या नवरीपणी लागली होती. म्हणजे चाळीस वर्षं झाली.

ती बंद झाल्यावर पहिला आठवडा त्या माणसात नव्हत्या. डोकं बांधून पडायच्या. भाकरी करपली म्हणून तवा दारातून बाहेर फेकला. चहा कडू लागतो म्हणून ओतून दिला, आणि पुन्हा केला तर तोही ओतून दिला. पोट साफ होईना. मालनचं तेवढं खरं ठरलं. डॉक्टरांनी इसबगोल दिलं, ते गिळताना मला शिव्या घालायच्या. मी ऐकून घ्यायचे. खरं सांगायचं तर शिव्या लागतच नव्हत्या मला. पत्र्यावर खडा पडावा तसा आवाज व्हायचा नुसता.

सकाळी बाया ओट्यावर जमल्या की आत्या आत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. शेजारच्या अंजनाकाकू दारातून म्हणायच्या, "सुंदरा, ये की गं भाईर. नुसतं बस."

"नुसतं कसं बसायचं?" आत्या आतून म्हणायच्या.

एक महिना झाल्यावर तपासायला गेलो. डॉक्टरांनी आधी वजन केलं. थोडं उतरलं होतं. छातीला नळी लावली. मग हात पुढे केला. आत्यांनी बोट दिलं. डॉक्टरांनी ते उजेडात धरलं, नखाजवळ अंगठा घासला आणि स्वतःचा अंगठा आत्यांना दाखवला.

"कधी लावली?"

आत्यांनी बोट पदराला पुसलं.

"मावशी, मी पोलीस नाही. कधी?"

"मालनच्या जावंच्या नातवाचं बारसं हुतं. समद्या बसल्या हुत्या." त्या खाली बघून म्हणाल्या. "मग चार दिस लावली."

"मग पुन्हा पहिल्यापासून दोन महिने."

"चार दिसांचं दोन म्हयनं?"

"हो."

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती घेतली नाही. मला वाटलं होतं, आता दमल्या, आता म्हणतील राहू दे. आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं, कारण सव्वा वर्षात मला काही वाटलं असेल तर तेवढंच. वाटलं, सुटलो. आता काही बदलायचं नाही. मी म्हणाले, "आत्या, नाहीतर राहू द्या. मी आहे की उचलायला."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू हाइस," त्या म्हणाल्या. "ते दिसतंय मला."

त्यानंतर त्यांनी मिशरीला हात लावला नाही.

चूक माझ्याच हातून झाली. रविवारचा बाजार करून आले होते. आत्या अंजनाकाकूंकडे शेंगा फोडायला गेल्या होत्या. मी पिशव्या रिकाम्या केल्या, मीठ बरणीत भरलं, गूळ डब्यात ठेवला, आणि तंबाखू तव्यावर टाकली. दर रविवारी हेच करायचे मी, लग्न झाल्यापासून. तंबाखू कधी घेतली, का घेतली, काही आठवत नव्हतं. उलथन्यानं परतत होते. पानं काळी पडत होती, घरभर तो उग्र वास झाला होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तरी मी परततच होते.

"कुणासाठी भाजतीस?"

आत्या दारात उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला.

मी तव्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला दिसलं की तव्यात काय आहे.

"सवयीनं झालं," मी म्हणाले.

मला वाटलं, तवा माझ्या अंगावर येतो आता. पण त्या हळूच येऊन माझ्याजवळ बसल्या. माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. वास घेत होत्या त्या, खोल, डोळे मिटून, जसा एखादा उपाशी माणूस खानावळीपुढे उभा राहतो. मग तवा फडक्यानं धरून परसात नेला आणि सगळी मिशरी उकिरड्यावर उलटी केली.

आत येऊन म्हणाल्या, "तुझं काय करावं, वैजू?"

रागानं नाही म्हणाल्या. नुसतं विचारलं. मी तवा घासायला घेतला.

दुसऱ्या सकाळी बायांची ओट्यावर बसायची वेळ झाली तशी त्यांनी चपला घातल्या. "चल," म्हणाल्या.

"कुठं?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय न्हवं? चल."

त्या दिवसापासून आम्ही चालू लागलो. गल्लीतल्या बाया तोंडात बोट घालून आमच्याकडे बघायच्या. आत्या पोटाला पट्टी आवळून, एका हातानं पोट धरून, धापा टाकत चालायच्या. आधी शाळेपर्यंत, मग दर्ग्यापर्यंत, मग पाटाच्या रस्त्याला. त्या रस्त्याला आम्ही दोघीही उत्तम गेल्यापासून फिरकलो नव्हतो. बाभळीच्या झाडाशी आलं की त्या म्हणायच्या, "बास एवढंच." तिथून पुढच्या वळणावर पूल होता. मीही वळायचे.

खोकला कमी होत गेला. अंगावरचं लुगडं सैल झालं. जेवणातली बटाट्याची भाजी आणि रात्रीचा भात त्यांनी आपणहून बंद केला. डॉक्टरांनी फुप्फुसाच्या व्यायामाला एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, तीन नळ्यांत तीन गोळ्या असलेलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. आधी एकच गोळी हलायची आणि आत्या ते यंत्र आपटायला निघायच्या. मग दोन चढल्या. तिसरी पहिल्यांदा वर गेली त्या दिवशी त्यांनी अंजनाकाकूंना हाक मारून दाखवली. काकूंनी ओढून पाहिलं, त्यांची एकही चढेना. आत्या हसल्या. मला नवल वाटलं. त्यांचे दात इतके पांढरे होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी बाभळीशी आलो आणि मी वळले. आत्या वळल्या नाहीत. तशाच पुढे चालत राहिल्या. मी मागून गेले. पुलावर जाऊन त्या थांबल्या. एका बाजूचा कठडा नवा बांधलेला होता, त्याचं सिमेंट अजून वेगळं दिसत होतं. खाली पाटाचं पाणी संथ चाललं होतं.

"हितंच व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"मला वाटलं हुतं, पूल मोठा असंल," त्या म्हणाल्या.

आम्ही परत आलो. मी वैरण टाकली.

पुढच्या वेळी डॉक्टर मगदूमांनी बोट उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि पहिल्यांदाच हसले. टोक गुलाबी होतं, लहान पोराचं असावं तसं. "घ्या तारीख," म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. मालन दवाखान्यात पदराआड रडत बसली होती, मी बाकावर बसून होते. आत्यांना बाहेर आणलं तेव्हा भुलीत त्या पुटपुटत होत्या. मालन कान लावून ऐकायला गेली. "काय म्हणतायत?" मी विचारलं. "काय न्हाई. दार लाव म्हनतीया," मालन म्हणाली. खोलीचं दार लावलेलंच होतं.

चौथ्या दिवशी घरी आणलं. तीन महिने काही उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्या तीन महिन्यांत मी त्यांचं अंग पुसलं, वेणी घातली, काठीच्या आधारानं ओट्यापर्यंत चालवलं. मला ते सोपं गेलं. हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं. ओट्यावर बायांत बसून त्या आता मिशरी लावणाऱ्यांना हसायच्या. कुणी डबी पुढे केली तर बोट पदरात गुंडाळून घ्यायच्या.

उन्हाळा लागला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना खोकायला लावलं, उठबस करायला लावली आणि सांगितलं, "झालं. आता फार जपत बसू नका. घागर उचलली तरी चालेल. पण अर्धी, आणि गुडघ्यात वाकून."

घरी आल्यावर त्यांनी लुगडं बदलायचीही वाट पाहिली नाही. घागर घेऊन हापशावर गेल्या. मी मागे धावले. त्यांनी दांडा मारला, घागर अर्धी भरली, गुडघ्यात वाकल्या आणि उचलून कमरेवर घेतली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "लांब हो." घरापर्यंत आल्या. घागर ठेवली. पोटावर हात ठेवून दम घेत उभ्या राहिल्या.

"दुखतंय का?"

"न्हाई." मग म्हणाल्या, "तुझ्या दादाला सांगावा धाडलाय मी. अंजनाच्या पोरानं फोन लावून दिला. येत्या रविवारी येतोय."

"कशाला?"

"तुला न्यायाला."

मी घागरीवरचं ओलं फडकं नीट केलं. म्हणाले, "आणि म्हशी?"

"एक मालन नेतीया. एक ऱ्हाऊ दे. एवढी हुईल माझ्यानं."

"तुम्ही एकट्या कशा—"

"घागर उचलत न्हाई, म्हशीचं हुत न्हाई. असंच सांगायचीस न्हवं तू त्याला ओट्यावर? मी आत चुलीपाशी असायची. भिंत काय दगडाची हाय व्हय?" त्यांनी घागरीकडे बोट केलं. "आता उचलती. तुझ्या डोळ्यांदेखत आनली. आता काय सांगशील?"

मी शोधत होते. शोधताना कळत होतं की खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा, तसं आहे हे.

"म्हणजे हे सगळं," मी म्हणाले, "मिशरी सोडली, ते चालणं, ते पोट फाडून घेणं, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

त्या हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते आणि जन्मभर तिथून हलले नसते. त्यांनाही ते माहीत असावं.

"तुझ्यासाठी कशापायी?" आत्या म्हणाल्या. "माझ्यासाठी केलं."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मी उभीच.

"तू सांजचं डेरीला दूध घालून येतीस. दार वाजतं. मी चुलीपुढनं बघते. तू आत येतीस. आन मग मी तुझ्या मागं बघते." त्या सरळ आवाजात बोलत होत्या, डाळीचा भाव सांगावा तशा. "रोज बघते, वैजू. भाईर चपला काढत असंल, हात-पाय धुत असंल, असं वाटतं. मग तू एकटीच. तू ह्या घरात हाइस तवर त्यो कामावर गेलाय, असंच हाय मला. दोन वर्सं हुत आली. त्यो अजून कामावरच हाय."

रस्त्यावरून कुणाची तरी बैलगाडी गेली.

मी रोज आत आल्यावर दार उघडंच ठेवायचे. का, ते मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"मी काय केलं म्हणजे तुम्हाला—" मी बोलायला गेले.

"तू काय केलं न्हाईस. तुझ्यात खोट न्हाई. तू जा." मग म्हणाल्या, "मला माझं लेकरू एकदा जाऊ द्यायचं हाय. तू हितं असलीस तर त्यो जात न्हाई."

रविवारी दादा आला. मालनही आली होती. ती मला मिठी मारून रडली आणि आईला बोलली, "अशी कशी गं तू दगडाची?" आत्यांनी माझ्या पिशवीत शेंगांची चटणी बांधून दिली. स्टँडवर आल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा त्या गोठ्यात राहिलेल्या म्हशीला पाणी दाखवत होत्या. मी पाया पडायला वाकले तर खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "उशीर हुईल. गाडी जाईल."

त्यानंतर त्या चौदा वर्षं जगल्या. हर्निया पुन्हा उठला नाही आणि बोट पुन्हा काळं झालं नाही. डॉक्टर मगदूम कुरकुर करणाऱ्या पेशंटला त्यांचं नाव सांगायचे, असं मालन सांगते. दीड वर्षानं माझं दुसरं लग्न झालं, इचलकरंजीत, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला असलेल्या शांत माणसाशी. मला एक मुलगी आहे. तिच्या बारशाला आत्या आल्या होत्या. पाळण्याशी बसल्या, पोरीच्या हातात स्वतःचं बोट दिलं, जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. मला जायला सांगताना त्या खरंच स्वतःपुरतं बोलत होत्या, की मी निघावं म्हणून त्यांनी ते तसं सांगितलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

पण मी सांगत होते ते त्या रविवारचं. जयसिंगपूरला पोचलो, वहिनीनं जेवायला वाढलं, मी जेवले. झोपले. सकाळी उठले आणि वहिनीबरोबर भाकरी थापायला बसले. तेवढ्यात दादाचा मोबाईल वाजला. अंजनाकाकू होत्या. दादानं फोन माझ्या कानाला लावला, कारण माझे दोन्ही हात पिठाचे होते.

"वैजू, पोचलीस न्हवं गं?"

"हो काकू."

"काल तू गेलीस आन सांजच्याला तुझी सासू रडली. लई रडली बाई. हंबरडा फोडला तो समद्या गल्लीत ऐकू गेला. धावत गेलो तर दार आतनं लावल्यालं. आमी भाईर बसून ऱ्हायलो. पार रात होस्तोवर. त्याचं नाव घेऊन घेऊन रडत हुती. आता निजलीया. मघाशी च्या पाजून आले मी. म्हटलं तुला सांगावं."

"बरं केलंत," मी म्हणाले.

दादानं फोन बंद केला. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती मला उलटायची होती. माझे हात उचलेनात. ते परातीत तसेच पडून राहिले, पिठाचे, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

वहिनीनं तवा उतरवला. माझ्याकडे बघून घाबरली आणि म्हणाली, "काय झालं गं? काय सांगितलं त्यांनी?"

"उत्तम गेला," मी म्हणाले.